आईच्या सैल वाती

सिडको, नाशिक
१२ नोव्हेंबर २०२४

निकिता,

पत्राच्या सुरुवातीला आशीर्वाद लिहायची सवय आहे म्हणून लिहिते. तुला नको असतील तर एवढी ओळ सोड आणि पुढे वाच. फोनवर तू मला ब्लॉक केलंस, म्हणून पोस्टात जाऊन पाकीट आणलं. खिडकीवरचा माणूस म्हणाला, रजिस्टर करायचंय का? म्हटलं, साधंच जाऊ दे, आमचं भांडण अजून कोर्टात गेलेलं नाही.

आधी तुझ्या सासूबाईंची खबर. आई दिवाळीच्या आधीपासून माझ्याकडे आहे. हर्षलची कंपनीत शिफ्ट बदलते, त्याला जमेना. झटका आल्यापासून उजवा हात आणि उजवा पाय लुळा आहे, तो तसाच. तोंडातून आवाज येतो, शब्द येत नाही. भात कालवून दिला की डाव्या हाताने खाते, निम्मा सांडते. मी ओरडत नाही. तुला वाटत असेल ही ओरडत असेल, म्हणून लिहिलं.

आता मुद्द्याचं. सहादूमामांनी १९ जानेवारीला, रविवारी, कळवणला बैठक ठरवली आहे. तुझ्याकडचे चारजण, आमच्याकडचे चारजण. तुझ्या आणि हर्षलच्या संसाराचं काय ते त्या दिवशी ठरणार. सोडचिठ्ठी हा शब्द मामांच्या तोंडून दोनदा निघाला आणि हर्षल खाली मान घालून बसला होता, नाही म्हणाला नाही. लेकीला, ओवीला, तू माहेरी कळवणच्या शाळेत घातलंस हे त्याला दुसऱ्याकडून कळलं, ते त्याला फार लागलंय.

मामा बैठकीला आईचा रिपोर्ट घेऊन येणार आहेत. त्यांचं म्हणणं सरळ आहे. ऋषिपंचमीला, म्हणजे रविवारी, उज्वलाने आपल्या मशीनवर अक्काला तपासलं. हृदय नॉर्मल, मेंदूचा रक्तपुरवठा नॉर्मल, छापील कागद आहे. सोमवारी सून सासूशी कडाकडा भांडली, शेजारपाजाऱ्यांनी ऐकलं. मंगळवारी सकाळी अक्का न्हाणीत पडली. मग दोन दिवसांत घरात असं काय झालं, हे सुनेनेच सांगावं.

मी तुझ्यापेक्षा चौदा वर्षांनी मोठी आहे, माझं ऐक. बैठकीत वाद घालू नकोस. सोमवारी माझा आवाज चढला, माझं चुकलं, एवढं म्हण आणि मोकळी हो. चार शब्दांनी जीभ झिजत नाही. हर्षलला मी समजावीन.

ओवीला पापा.

उज्वलाताई


२ डिसेंबर २०२४

निकिता,

तुझं पोस्टकार्ड मिळालं. एकच ओळ. ‘ताई, मी चहा टाकायला आत गेल्यावर दांडी कोणाच्या हातात होती, तेवढंच लिहा.’ ना नमस्कार, ना आईची चौकशी. उघडं पोस्टकार्ड, पोस्टमनने वाचलं असणार. मला असा राग आला की ते फाडायला घेतलं. मग फाडलं नाही.

तू पहिल्यापासून त्या मशीनला नावं ठेवायचीस. एक छोटा डबा, त्याला वायर, वायरीला पितळी दांडी. माणसाने ती एक मिनिट मुठीत धरायची आणि लॅपटॉपवर चाळीस पानांचा रिपोर्ट येतो. पहिल्या पानावर हृदय आणि मेंदूचा रक्तपुरवठा, मग लिव्हर, किडनी, हाडं, शेवटी शेवटी कोलॅजन. तू म्हणालीस, ‘ताई, एका मिनिटात तर दूधसुद्धा तापत नाही.’ सगळे हसले होते. मी पण हसले, पण मनात धरलं.

तुला काय माहीत मी हे कसं उभं केलं. हॉटेलच्या हॉलमध्ये दोन दिवसांचं ट्रेनिंग झालं, आणि बारावी नापास बाईला लोक मॅडम म्हणायला लागले. देवळ्याला कॅम्प घेतला तर कांदा निवडणाऱ्या बायका हात धुऊन रांगेत उभ्या. भिमाबाई म्हणून एक होती, तिला म्हटलं मावशी तुमचं कोलॅजन कमी आहे, म्हणून कातडी सुटते, सांधे धरतात, ही पावडर घ्या. ती म्हणाली, ‘बाई, माझं काय कमी हाय ते मला ठावं हाय. झोप.’ तरी पावडर घेतली तिने. सटाण्याची एक म्हातारी गुडघ्याचं पान ऐकून डोळे मोठे करून म्हणाली, ‘मना गुडघा दुखस, हाई मशीनले कसं समजनं?’ सत्तरीच्या बाईचा गुडघा दुखतो हे कळायला मशीन कशाला लागतं, असा विचार तेव्हा मला शिवला नाही. मला वाटलं, मशीन खरं बोलतंय आणि माझ्या तोंडून बोलतंय.

तर तुझ्या प्रश्नाचं उत्तर. दांडी आईच्या हातातून एकदा पडली, तू होतीस तेव्हाच. मोदकाच्या उकडीला तूप लावून तिचे हात तुपकट झाले होते. मग नीट धरली गेली आणि रिपोर्ट आला. झालं समाधान?

आणि वातींचं तू विचारलं नाहीस, तरी लिहिते. गणपतीच्या आधी तू फोनवर म्हणाली होतीस, ‘ताई, आईंच्या वाती हल्ली सैल पडतात, निरांजन आरती संपायच्या आत विझतं. त्यांच्या हाताला काहीतरी झालंय.’ मी म्हणाले, वातींवरून डॉक्टरकी करायला लागलीस की काय. हे मला आठवतं.

उज्वलाताई

ता. क. पाकीट चिकटवून परत उघडलं. दांडी एकदा नाही, दोनदा पडली. दुसऱ्यांदा तू आत गेली होतीस.


२४ डिसेंबर २०२४

निकिता,

हे पत्र चौथ्यांदा लिहायला बसले आहे. आधीची तीन बंबात गेली.

आईला व्यायाम द्यायला शुभांगी नावाची मुलगी येते, फिजिओथेरपिस्ट. आठवड्यातून दोनदा. परवा तिने माझ्याकडे लाटणं मागितलं, त्याला जुनं फडकं गुंडाळलं आणि आईच्या उजव्या हातात दिलं. म्हणाली, ‘आजी, घट्ट धरा.’ आईची बोटं त्याच्याभोवती आली आणि लाटणं फरशीवर पडलं. मी ते उचलून परत दिलं. शुभांगीने सहज विचारलं, ‘अटॅकच्या आधी हातातून वस्तू पडत होत्या का यांच्या?’ मी म्हणाले, मला माहीत नाही.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते असं.

ती गेल्यावर मी माळ्यावरून मशीनची बॅग काढली. सप्टेंबरपासून हात लावला नव्हता. डबा जोडला, आईचं नाव टाकलं, वय अडुसष्ट, उंची, वजन, त्या रविवारी टाकलं होतं तेच. दांडीला ओला नॅपकिन गुंडाळला आणि ताटात ठेवून दिली. एक मिनिट ती पट्टी पुढे सरकत राहिली. मग रिपोर्ट आला. हृदय नॉर्मल. मेंदूचा रक्तपुरवठा नॉर्मल. कोलॅजन किंचित कमी.

नॅपकिनचं कोलॅजन किंचित कमी. मला आधी हसू आलं, निकिता, खरंच आलं. मग आईचा जुना रिपोर्ट शेजारी ठेवला. आकडे जरासे पुढेमागे, निष्कर्ष ओळीने ओळ तोच. मग मी वय वीस टाकलं, नॅपकिन तोच ठेवला, तर त्याचं कोलॅजन सुधारलं.

आता त्या रविवारचं लिहिते. मध्ये थांबले तर परत लिहिणार नाही.

तुझ्या बिल्डिंगमधल्या पाच बायका हॉलमध्ये बसल्या होत्या. गणपतीचं दर्शन झालं होतं आणि मी म्हणाले होते, आधी माझ्या आईचं करून दाखवते, मग तुमचं. आईच्या हातातून दांडी पडली. तू म्हणालीस, ‘ताई, त्यांच्या हातात काही राहत नाहीये, उद्या डॉक्टरकडे नेऊ.’ पाच बायकांसमोर म्हणालीस. मी तुला म्हणाले, चहा टाक. तू आत गेलीस. मी परत दांडी दिली, परत पडली. एक बाई दुसरीकडे बघून हसली. तूप वगैरे काही नव्हतं. आईचे हात कोरडे होते.

मग मी आईच्या अगदी जवळ सरकून बसले, तिचा हात माझ्या मांडीवर घेतला, वर माझा पदर ओढला, आणि पदराखाली दांडी मी धरली. माझ्या मुठीत. बायकांना वाटलं लेक आईचा हात धरून बसली आहे.

तू चहा घेऊन आलीस तेव्हा मी वाचून दाखवत होते, मेंदूचा रक्तपुरवठा एकदम नॉर्मल. तू आईच्या हाताकडे बघितलंस आणि मग माझ्याकडे. तेव्हापासून तुला संशय आहे ना? त्या दिवशी चार बायकांनी तपासून घेतलं आणि तिघींनी पावडर घेतली.

दवाखान्यात त्या तरुण डॉक्टरने काय केलं आठवतं? आईला म्हणाला, माझी दोन बोटं दाबा. दोन्ही हात वर करा. जरा हसून दाखवा. बस. मग मागे वळून विचारलं, हाताची ताकद कधीपासून कमी होती? तू म्हणालीस, आठ-दहा दिवस, मी ताईंना सांगितलं होतं. हर्षलने माझ्याकडे बघितलं. मी म्हणाले, मला काही आठवत नाही. आणि पर्समधून तो रिपोर्ट काढून त्याच्या हातात दिला. डॉक्टरने बघितलासुद्धा नाही. हर्षलने बघितला, आणि मामांनी.

हात ढिला पडला तेव्हाच आणलं असतं तर औषधाने मोठा झटका टळू शकला असता, असं डॉक्टर म्हणाला. टळलाच असता असं नाही म्हणाला. त्या ‘शकला असता’वर मी तीन महिने झोपते आणि उठते.

तुझ्या पोस्टकार्डाचं उत्तर हे. दांडी माझ्या हातात होती.

उज्वला


१३ जानेवारी २०२५, भोगी

निकिता,

तू उत्तर पाठवलं नाहीस. बरोबरच आहे. तुला एकटीला लिहून मी हलकी होणार आणि बैठकीत तू मान खाली घालून बसणार, असं चाललं नसतं.

काल हर्षल आला होता, मी मुद्दाम बोलावलं. आईला भिंतीला टेकवून बसवलं. म्हटलं, जे बोलायचं ते हिच्यासमोर, कारण ही तिथे होती. मग सांगितलं. बायका, दांडी, पदर, सगळं. रिपोर्ट पुढे ठेवला आणि नॅपकिनचे दोन रिपोर्टही.

हर्षलने पहिलं पान उचललं. त्याने विचारलं, ‘म्हणजे हा कोणाचा आहे?’

मी म्हणाले, ‘माझा.’ मग म्हणाले, ‘माझाही नाही रे. कोणाचाच नाही.’

तो ओरडेल असं वाटलं होतं. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. तो म्हणाला, ‘सोमवारी निकिता आईशी कशावरून भांडली ते मी तिला एकदाही विचारलं नाही. रिपोर्ट नॉर्मल होता ना.’ आणि शाळेतल्या पोरासारखा ढसाढसा रडला. चाळीशीला आलेला माणूस.

सोमवारच्या भांडणात काय बोलणं झालं, हे तू दवाखान्याच्या जिन्यात मला सांगितलं होतंस. तू आईला म्हणत होतीस, उठा, रिक्षा आणली आहे, डॉक्टरकडे चला. आणि आई म्हणत होती, ‘उज्वलाने तपासलंय मला. मला काय बी झालं नाय. तू लय बोलू नको.’ मी इतके दिवस समजत होते की म्हातारीचा माझ्या मशीनवर विश्वास होता. काल तिच्यासमोर सांगताना मध्येच माझी जीभ थांबली. निकिता, तिचा हात माझ्या मांडीवर मोकळा होता. दांडी तिच्या हातात नाही हे तिच्याइतकं कोणाला माहीत होतं? रविवारी पाच बायकांसमोर ती गप्प राहिली, आणि सोमवारी तुझ्याशी भांडली. डॉक्टरकडे गेली असती, हाताचं काही निघालं असतं, तर लेक खोटी पडली असती. माझी अब्रू झाकायला ती घरात बसून राहिली.

मी तिला विचारलं, ‘आई, तुला माहीत होतं ना?’ तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, ते तिने डाव्या हाताने पुसलं, आणि मग त्याच हाताने माझं पुसलं. मला तिने एक थोबाडीत मारायला हवी होती.

संध्याकाळी मामांना फोन केला. ऐकून घेतलं सगळं आणि म्हणाले, ‘उज्वला, झाकली मूठ सव्वा लाखाची. आता कशाला उघडतेस? पोरगी तर नांदायला येईलच, थोडं तिने नमतं घेतलं तर काय बिघडलं?’ मी म्हणाले, ‘मामा, त्या मुठीत काय होतं ते मला माहीत आहे. तुम्ही बैठकीला तो कागद काढलात तर मी सगळ्यांदेखत उभी राहून सांगेन.’ मामा म्हणाले, मग बैठकीचा उपयोग काय. म्हटलं, तेच म्हणतेय. बैठक मोडली.

मशीनची बॅग कंपनीवाल्यांना परत पाठवली. माझ्या वहीत कॅम्पला आलेल्या ज्यांचे नंबर आहेत त्यांना रोज चार-पाच फोन करते. सांगते की तो रिपोर्ट खरा नव्हता, बीपी, शुगर खऱ्या दवाखान्यात तपासून घ्या, कोणाच्या हातातून काही पडत असेल, तोंड वाकडं होत असेल, बोलणं अडखळत असेल तर त्याच मिनिटाला उठा. काही शिव्या देतात. देवळ्याच्या भिमाबाई म्हणाल्या, ‘बाई, तुम्ही सोता फोन केला, हे लय झालं.’ ते ऐकून मला शिव्यांपेक्षा जास्त लाज वाटली.

उद्या संक्रांत. गोड बोला म्हणायचं माझं तोंड नाही, म्हणून म्हणत नाही.

उज्वला


१८ जानेवारी २०२५

निकिता,

हे पत्र पोस्टाने नाही, हर्षलच्या हाताने येतंय. उद्या सकाळच्या गाडीने तो कळवणला येईल. एकटाच. त्याला तुझ्याशी काय बोलायचंय ते मी विचारलं नाही आणि शिकवलंही नाही. तू त्याला दारातून परत पाठवलंस तरी मी तुला एक शब्द बोलणार नाही. आणि आलीस तर माझ्यासाठी येऊ नकोस. मला माफ कर असंही लिहीत नाही. ते मागायचं असतं तर दवाखान्यात, सगळ्यांसमोर, त्याच दिवशी मागायला हवं होतं.

एका कामासाठी लिहिते आहे. पाकिटात कुंकवाची छोटी डबी आहे, ती जपून उघड.

काल शुभांगी गेल्यावर आई डाव्या हाताने देवघराकडे दाखवत होती. मी समई दिली, नको. घंटा दिली, नको. मग कापसाची पुडी दिली. तिने कापूस मांडीवर घेतला, डाव्या हाताने उजवा हात उचलून त्याच्यावर ठेवला, आणि उजव्या हाताची बोटं जरा हलली. पाऊण तास लागला. मी मदत केली नाही, पदर कमरेला खोचून लांब बसले. त्यातून जे काही झालं ते डबीत आहे. एक वात.

मी ती उजेडात धरून बघितली, दोन बोटांत फिरवून बघितली. मला ती सैलच वाटते. पण मागच्या वेळेपेक्षा घट्ट आहे की नाही, हे मला सांगता येत नाही. मागच्या वेळी मी बघितलंच नव्हतं.

तुला वाचता येतं ते. तू बघून सांग.

उज्वला